विश्लेषण : पोलवर उलटे लटकताना कोणता पाय अडकवायचा? ‘लेग हँग’चे दोन प्रकार नेमके कुठे वेगळे?

पोल डान्सच्या रील्समध्ये एक दृश्य हमखास दिसते. उभ्या खांबावर एक व्यक्ती एका गुडघ्याच्या आधाराने उलटी लटकलेली, दोन्ही हात मोकळे, डोके खाली, दुसरा पाय हवेत ताणलेला. पाच सेकंदांचा व्हिडीओ असतो. पाहणाऱ्याला वाटते, गुडघा अडकवला की झाले. अशा दोन रील्स एकापाठोपाठ पाहिल्या तर दोन्हींत एकच करामत केली आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एकीत खांबाच्या जवळचा पाय अडकवलेला असतो, दुसरीत लांबचा. फरक फक्त पायाचा वाटतो. पण त्यामुळे खांब शरीराला कुठे टेकतो, शरीर कुठून घसरू शकते आणि पुढे कोणती हालचाल करता येते, हे सगळे बदलते.

हा फरक माहीत असणे महत्त्वाचे आहे, कारण या स्थितीतून माणूस पडला तर आधी डोके किंवा मान जमिनीवर आदळते. म्हणूनच लेग हँगचे दोन प्रकार, त्यामागचे बलांचे गणित आणि आपल्या मल्लखांबाशी असलेले त्याचे नाते समजून घेऊ.

लेग हँग म्हणजे काय?

पोल डान्समध्ये हात सोडून उलटे लटकण्याची ही पायाभूत स्थिती आहे. एका पायाचा गुडघा खांबाभोवती दुमडला जातो. खांब गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागात, म्हणजे लवणीत बसतो. धड खाली लोंबते आणि त्याचा कुठला तरी एक भाग खांबाला टेकलेला असतो. हा दुसरा आधार फोटोत सहसा लपलेला असतो, त्यामुळे पाहणाऱ्याचे त्याकडे लक्ष जात नाही. एकट्या गुडघ्यावर कोणीच लटकत नाही. लेग हँगमध्ये कमीत कमी दोन आधार लागतात : वर गुडघा आणि खाली कंबर, कूस किंवा काखेचा भाग.

स्पर्धांमध्ये वापरला जाणारा खांब ४५ मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे त्याचा घेर साधारण १४ सेंटिमीटर भरतो. एवढ्या बारीक नळीभोवती दुमडलेला गुडघा नीट बसतो. स्पर्धेच्या मंचावर दोन खांब असतात, एक स्थिर आणि एक स्वतःभोवती फिरणारा. २००९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघाच्या नियमांनुसार सक्तीच्या स्थिती किमान दोन सेकंद स्थिर धरून दाखवाव्या लागतात. रीलमध्ये ज्या क्षणाला कट मारला जातो, तिथून स्पर्धेतली खरी परीक्षा सुरू होते.

आतला पाय कोणता, बाहेरचा कोणता?

समजा, खांब तुमच्या उजव्या बाजूला आहे. दोन्ही हातांनी तो छातीजवळ धरला आहे आणि उजवी कूस खांबाला लागून आहे. या मांडणीत उजवा पाय खांबाच्या जवळचा, म्हणून तो ‘आतला’. डावा पाय लांबचा, म्हणून ‘बाहेरचा’. आता कंबर वर उचलून दोन्ही पाय इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे फाकवले की शरीर उलटे होते आणि खांब दोन पायांच्या मधून जातो. इथवरचा रस्ता दोन्ही प्रकारांत सारखाच आहे. यानंतर उजवा गुडघा अडकवला तर ‘इनसाइड लेग हँग’, डावा अडकवला तर ‘आउटसाइड लेग हँग’.

बरेच नवशिके नेमके इथे चुकतात. उलटे झाल्यावर डावे-उजवे गोंधळते आणि ठरवला त्यापेक्षा वेगळाच पाय खांबाभोवती जातो. पाय चुकला हे कळण्याआधीच हात सोडला, तर खालचा आधार जिथे हवा तिथे नसतो.

बाहेरचा पाय अडकवला तर

आउटसाइड लेग हँगमध्ये डावा पाय शरीरावरून आडवा येऊन खांबाला वेढा घालतो. खांब मात्र उजव्या बाजूलाच असतो. म्हणजे वरचा आधार डाव्या गुडघ्याचा आणि खालचा आधार उजव्या कंबरेचा. दोन्ही आधार शरीराच्या विरुद्ध बाजूंना. खांब कंबरेवरून तिरका गेल्यासारखा होतो आणि ओटीपोटाचा सांगाडा त्याला अडकून राहतो. मोकळा उजवा पाय मागे लांब ताणला की कंबर खांबावर अधिक दाबली जाते.

या तिरप्या मांडणीमुळे शरीर खांबाभोवती गरकन फिरण्याची शक्यता तुलनेने कमी होते. म्हणूनच अनेकांना हा प्रकार ‘बसल्यासारखा’ वाटतो. त्याची किंमत कंबरेच्या हाडाजवळची त्वचा मोजते. तिथे खांब रुततो आणि सुरुवातीच्या दिवसांत काळेनिळे डाग पडतात. यातली नेहमीची चूक म्हणजे गुडघा अर्धवट अडकवणे. खांब लवणीत न बसता पोटरीवर राहिला, की शरीराचे वजन आल्यावर पाय उघडू लागतो.

हा प्रकार पक्का झाला की त्यातून ‘बटरफ्लाय’ची वाट उघडते. त्यात हातांनी खांबाची खालची बाजू धरून धड खांबापासून दूर ढकलले जाते. ‘सुपरमॅन’ या आडव्या, पालथ्या स्थितीत जाण्याचा एक मार्गही इथूनच निघतो.

आतला पाय अडकवला तर

इनसाइड लेग हँगमध्ये उजवा गुडघा आणि उजवी कूस हे दोन्ही आधार एकाच बाजूला येतात. खांब गुडघ्यापासून कंबरेच्या कडेने बरगड्यांपर्यंत आणि अनेकदा काखेच्या मागच्या भागापर्यंत जातो. बाहेरचा डावा पाय पूर्ण मोकळा असतो. तो डोक्याच्या दिशेने सोडला की शरीराची कमान दिसते आणि छाती उघडते. फोटोत हा प्रकार अधिक ऐसपैस वाटतो तो यामुळेच.

यातली अडचणही याच मांडणीत आहे. सगळे आधार एका रेषेत आले की खांब बिजागरीसारखा वागतो आणि शरीर दरवाजासारखे त्याभोवती उघडू लागते. कूस खांबापासून सुटली, तर सगळा भार गुडघ्यावर येतो. त्यामुळे इथे ‘कूस चिकटलेली आहे ना’ हे आधी पाहायचे, हात नंतर सोडायचा. पुढे या स्थितीतून शरीर आडव्या रेषेत ताणणारी ‘फ्लॅटलाइन’ शिकवली जाते. तिथे ही कुशीची पकड नसेल, तर पुढची हालचाल जमत नाही.

माणूस घसरत का नाही?

सुतारकामातला सरकता क्लॅम्प अनेकांनी पाहिला असेल. त्याचा एक जबडा दांड्यावर मोकळा सरकतो. पण स्क्रू आवळून त्यावर बाजूने भार दिला, की तोच जबडा जागीच घट्ट बसतो. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला स्टॅटिक्समध्ये नळीवर अडकवलेल्या कंसाचे गणित असते, तेही याच तत्त्वाचे. लेग हँग म्हणजे माणसाच्या शरीराने बनवलेला असाच एक कंस.

शरीराचे वजन खांबाच्या मध्यरेषेतून जात नाही. ते थोडे बाहेर, एका बाजूला असते. त्यामुळे शरीर कलंडू पाहते. गुडघा खांबाला एका बाजूने ओढतो, कंबर किंवा कूस दुसऱ्या बाजूने ढकलते. या दोन दाबांमुळे घर्षण तयार होते आणि ते घर्षण शरीर तोलून धरते.

आकडे घेऊन पाहू. समजा, वजन ६० किलो आहे, शरीराचा गुरुत्वमध्य खांबापासून २० सेंटिमीटर बाहेर आहे आणि दोन आधारांमधले उभे अंतर ६० सेंटिमीटर आहे. तर प्रत्येक आधारावर २० किलो वजनाइतका दाब पडतो (६० गुणिले २० भागिले ६०). आता भीतीने शरीर खांबाकडे ओढून घेतले आणि ते अंतर १० सेंटिमीटरवर आणले, तर दाबही निम्म्यावर येतो, प्रत्येकी १० किलो. म्हणजे घाबरून अंग आखडून घेतले की पकड वाढत नाही, कमी होते. प्रशिक्षक ‘कंबर पुढे ढकल, छाती उघड’ असे सांगतात, त्यामागचे एक कारण हे आहे.

याच सूत्रातून दोन प्रकारांमधला आणखी एक फरक कळतो. आउटसाइडमध्ये खालचा मुख्य आधार कंबरेजवळ असतो, म्हणजे गुडघ्यापासून जवळ. इनसाइडमध्ये तो बरगड्या आणि काखेपर्यंत खाली जाऊ शकतो. दोन आधारांमधले अंतर वाढले, की त्याच वजनाने मिळणारा आपोआपचा दाब कमी होतो. उरलेली कसर स्नायूंना भरून काढावी लागते. मांडीच्या मागचे स्नायू आवळून टाच नितंबाकडे ओढली, की मांडी आणि पोटरी मिळून खांबाला चिमट्यासारखे धरतात. प्रत्येकाच्या शरीराची ठेवण वेगळी असल्याने हे आकडे बदलतील, पण तत्त्व बदलत नाही.

तोकड्या कपड्यांचे कारण

घर्षण दाबावर जसे अवलंबून असते, तसेच पृष्ठभागावरही. धातूच्या गुळगुळीत खांबावर कापड घसरते, त्वचा धरते. म्हणून पोल डान्समध्ये मांड्या, गुडघे आणि कूस उघडी ठेवली जाते. यावरून या कलेवर टीका बरीच होते. पण लेगिंग्ज घालून साध्या पोलवर लेग हँग करणे म्हणजे तेल लावलेल्या शिडीवर चढण्यासारखे आहे.

याच कारणाने सरावाच्या दिवशी अंगाला मॉइश्चरायझर किंवा बॉडी लोशन लावू नये, असे शिकवतात. घामाने पकड सुटते. मुंबई, कोकण किंवा गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता वाढली की हा त्रास अधिक होतो. दर फेरीआधी खांब आणि लवण कोरड्या कापडाने पुसणे हा साधा पण कामाचा उपाय आहे.

मल्लखांबात हेच कसे चालते?

उभ्या खांबावर उलटे होण्याची कला महाराष्ट्राला नवीन नाही. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लखांबाचा उल्लेख सापडतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मल्लखांब जगभर पोहोचवणारे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

तरीही मल्लखांबाची पकड आणि लेग हँगची पकड एक नाही. पुरलेला मल्लखांब लाकडाचा, खाली जाड आणि वर निमुळता असतो. तळाशी त्याचा घेर अर्ध्या मीटरच्या आसपास, म्हणजे पोलच्या जवळजवळ चौपट भरतो. एवढ्या जाडीभोवती एकच गुडघा दुमडून हात सोडणे अवघड. त्यामुळे तिथे दोन्ही पायांनी खांबाला वेढा घालून मांड्यांनी आवळले जाते. पायांच्या या पकडीला ‘अढी’ म्हणतात.

पृष्ठभागाचा हिशेबही उलटा आहे. पोलवर तेलाचा थेंब चालत नाही, तर मल्लखांबाला एरंडेल चोळले जाते, जेणेकरून लाकडावर अंग सोलवटू नये. मल्लखांबपटूही अंगावर कमीत कमी कपडे ठेवतात, कारण पकड त्वचेचीच असते. फरक इतकाच की एका ठिकाणी त्याला व्यायाम म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी भुवया उंचावतात.

मल्लखांब केलेल्यांना उलटे होण्याची भीती नसते आणि मांड्यांची ताकद असते, हा मोठा फायदा. पण लवणीत बारीक धातूची नळी रुतण्याची सवय त्यांनाही नव्याने करावी लागते. आखाड्यातल्या ताकदीवर विसंबून पहिल्याच दिवशी हात सोडणे योग्य नाही.

नावांचा गोंधळ

इंटरनेटवर या दोन प्रकारांना ‘जेमिनी’ आणि ‘स्कॉर्पिओ’ अशी राशींची नावे दिसतात. बरेच जण आउटसाइडला जेमिनी आणि इनसाइडला स्कॉर्पिओ म्हणतात. पण सगळीकडे ही नावे सारख्याच अर्थाने वापरली जातात असे नाही. एका व्हिडीओतून शिकलेले नाव दुसऱ्या क्लासमध्ये वेगळ्याच पायासाठी वापरले जाऊ शकते. त्यामुळे नाव ऐकून उलटे होण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : कोणता पाय अडकवायचा आणि खालून खांब कुठे टेकायला हवा?

आधी कोणता शिकावा?

याचे सगळ्यांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. बाहेरच्या पायाच्या प्रकारात कंबर अडकून राहिल्याने अनेकांना तो आधी सुरक्षित वाटतो. काहींना मात्र पाय शरीरावरून आडवा आणणे अवघड जाते आणि जवळचा पाय सहज अडकतो. दोन्ही शिकणे आवश्यक आहे, हे मात्र नक्की. एका प्रकारातून दुसऱ्यात पाय बदलत जाणे हा पुढच्या अनेक हालचालींचा पाया आहे. शिवाय एकाच बाजूने सराव केला तर शरीर एकांगी घडते. म्हणून डावी-उजवी अशा दोन्ही बाजूंनी सराव हवा.

क्रम साधारण असा ठेवला जातो :

- आधी जमिनीवर पाठीवर झोपून, खांबाजवळ सरकून, गुडघा लवणीत नीट बसवण्याचा सराव.
- मग बसलेल्या स्थितीतून मांड्यांनी खांब आवळून मागे झुकणे. डोके खाली जाण्याची सवय इथे होते.
- त्यानंतर खांबावर इतक्या कमी उंचीवर लेग हँग, की हात सहज गादीला टेकतील.
- हात सोडताना एका वेळी एकच. दुसरा हात सोडण्याआधी गुडघा आणि खालचा आधार, दोन्ही जाणवले पाहिजेत.
- वर जाण्याआधी खाली कसे यायचे ते ठरलेले हवे. पुन्हा दोन्ही हातांनी खांब धरून पाय सोडवणे किंवा हात गादीवर टेकून हळूहळू उतरणे, हे दोन नेहमीचे मार्ग.

सुरुवात नेहमी स्थिर खांबावर करावी. फिरणाऱ्या खांबावर वेगामुळे शरीर बाहेर फेकले जाते आणि नवशिक्याला दिशेचे भान राहत नाही. बाजूला सावरणारी व्यक्ती आणि खाली जाड गादी, या दोन्ही गोष्टी हव्यात. योगा मॅट त्यासाठी पुरेशी नाही.

घरी पोल बसवताना काय पाहावे?

घरगुती पोल बहुतेकदा जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून बसवलेले असतात. खिळा, बोल्ट काही नसतो. सगळा आधार छतावरच्या दाबाचा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये इथेच धोका आहे. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगखाली असा पोल बसवला, तर वरचे टोक पोकळ पत्र्याला किंवा प्लास्टरला टेकते. उलटे लटकताना आणि हेलकावा घेताना बाजूने जो जोर बसतो, तो हे छत पेलत नाही. पोलचे वरचे टोक थेट काँक्रीटच्या स्लॅबला किंवा बीमलाच टेकले पाहिजे. पोल फिरता आणि स्थिर अशा दोन्ही प्रकारे वापरता येत असेल, तर तो स्थिर करणारे स्क्रू दर वेळी तपासावेत. आजूबाजूला टीपॉय, पलंगाची कड, काचेचे कपाट नको. पाय आणि हात पूर्ण पसरल्यावर जेवढे वर्तुळ होते, तेवढी जागा मोकळी हवी.

कोणी टाळावे, कधी थांबावे?

रक्तदाबाचा त्रास, काचबिंदू किंवा डोळ्यांची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, मानेचे दुखणे, गर्भारपण यांपैकी काही असेल, तर उलटे होण्याआधी डॉक्टरांना विचारणे गरजेचे आहे.

दुखण्याचेही दोन प्रकार असतात. लवणीत त्वचा चिमटणे, लालसर होणे, डाग पडणे हे सुरुवातीला नेहमीचे. मुंग्या येणे मात्र वेगळे. गुडघ्याच्या मागून मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. त्यांतली एक नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, हाडाच्या अगदी जवळून खाली पावलाकडे जाते. तिच्यावर सतत दाब आला, तर पोटरीच्या बाहेरच्या बाजूला किंवा पावलाच्या वरच्या भागात बधिरपणा येतो. अशा वेळी ‘अजून पाच सेकंद’ न म्हणता लगेच खाली यावे. पाऊल वर उचलता येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

थोडक्यात

लेग हँगचे दोन्ही प्रकार धोकादायक नाहीत आणि दोन्ही आपोआप सुरक्षितही नाहीत. बाहेरचा पाय अडकवला तर भरवसा कंबरेवर असतो, आतला अडकवला तर कुशीवर. कॅमेऱ्याला दिसतो तो गुडघा. तोलून धरणारा खालचा आधार बहुतेक वेळा फ्रेममध्ये झाकलेला असतो. म्हणूनच ही गोष्ट रील पाहून शिकण्याची नाही. समोर उभे राहून ‘खांब आता कुठे टेकलाय?’ असे विचारणारा प्रशिक्षक असेल आणि त्याचे उत्तर तुम्हाला न पाहता देता येत असेल, तेव्हाच हात सोडावा.